त्यातलं एक खरं होतं

शेवंते,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि घरात मी अजूनही आवाज न काढता बोलते. चहाचं आधण ठेवते, मागे वळते आणि नुसते ओठ हलवते, "साखर आणायची राहिली गं." तीस वर्षांची सवय आहे. शाळेत माझा आवाज म्हणे उल्हास नदीच्या पलीकडे ऐकू जातो, आणि घरात आले की मी मुकी. शेजारच्या काकूंना कायम वाटायचं की धाकटी थोरलीला रोज फैलावर घेते आणि थोरली बिचारी मुकाट ऐकून घेते. कारण तुझा आवाज भिंतीपलीकडे जायचा आणि माझे टोमणे तुझ्याशिवाय कोणाला कळायचे नाहीत. परवा त्या सांत्वनाला आल्या तेव्हाही माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही फार सोसलंत."

मी माफी मागायला बसले आहे, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. वर्गात मी मुलांना याच गोष्टीसाठी ओरडते.

आपण तेव्हा पोशीरला होतो. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या साली, लावणीच्या दिवसांत तुला ताप भरला. तू नऊ वर्षांची, मी पंधरा. तुझी मान लाकडासारखी ताठ झाली होती. ताप मेंदूत गेलाय, एवढंच डॉक्टर म्हणाले. तो उतरला त्या दिवशी तू डोळे उघडलेस, सगळ्यांकडे एकेक करून बघितलंस आणि विचारलंस, "आये, समदी गप का बसल्यात?" आम्ही गप नव्हतो, शेवंते. आई तुझं नाव घेऊन मोठमोठ्याने रडत होती.

त्यानंतर तुला मी ताब्यात घेतलं. आईबाबा शेतावर असायचे आणि मला मास्तरकीची हौस तेव्हापासूनच. ओठ कसे वाचायचे ते आपण दोघींनी मिळून शोधून काढलं, आरशासमोर बसून. त्याचं श्रेय मी कधी सोडलं नाही, आजही सोडत नाही. पण त्याच्या जोडीने मी तुला आणखी एक धडा दिला. कोणी काही विचारलं आणि तुला कळलं नाही, तर हसायचं आणि मान हलवायची. हो म्हणायचं. 'काय?' असं विचारायचं नाही. 'काय?' विचारलं की लोकांना कळतं, मग पोरं मागे लागतात, बहिरी बहिरी म्हणून दगड मारतात. हो म्हटल्याने कोणाचं काही बिघडत नाही, असं मी तुला सांगितलं होतं. शब्द अजून आठवतात मला.

तू विद्यार्थिनी हुशार. दोन महिन्यांत गावाला तुझं बहिरेपण निम्म्याने विसरायला लावलंस.

खालापूरकडचं स्थळ आलं तेव्हा याच धड्यावर आमची सगळी भिस्त होती. मी सासरहून मुद्दाम आले होते. तुझ्यासमोर बसायचं आणि मी पदर सावरला की तू मान हलवायची, असं ठरलं. मुलाचे मामा विचारत होते. सैपाक येतो का? मी पदर सावरला, तू मान हलवलीस. शिवण येतं का? पुन्हा तसंच. सगळं कसं सुरळीत चाललेलं. मग मामांना थट्टेची लहर आली. "आन सासूसंगं भांडशील का गं?" नेमका तेव्हाच माझा पदर खांद्यावरून घसरला आणि मी तो वर ओढला. तू गोड हसलीस आणि दोनदा मान हलवलीस.

सगळे हसले. मामांना चेव चढला. "नवऱ्याला उपाशी ठेवशील?" आता मी हलले नव्हते, पण मामा तुझ्याकडे बघून हसत होते, तेवढं तुला पुरलं. तू हो म्हणालीस. हसणं हळूहळू थांबलं. मुलाची आई उठली, तुझ्या पाठीमागे गेली आणि तिने पितळी ताट जोरात जमिनीवर आपटलं. तू तशीच हसत बसलेली, मान किंचित तिरपी करून. मामा जाताना बाबांना म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. पन आमाला आधी सांगाया पायजे व्हतं." पोहे तसेच राहिले. ते तू खाल्लेस आणि वर मला म्हणालीस, "मीठ कमी पडलंय."

त्या दिवशी मी काय शिकले? काही नाही. पुढच्या वेळी पदर नीट टाचून घ्यायचा, एवढंच. पुढची वेळ आलीच नाही. माझं लग्न तीन वर्षांत आटोपलं, ते प्रकरण इथे नको. मला कर्जतला शाळा मिळाली, तुला भातगिरणीत काम मिळालं, आणि आईबाबा गेल्यावर आपण दोघीच उरलो. तू सकाळी डबा घेऊन गिरणीत जायचीस, संध्याकाळी केसांत कोंडा घेऊन यायचीस. तिथे दिवसभर काय करायचीस, कशी असायचीस, हे बघायला मी एकदाही आत आले नाही. गिरणीच्या दारापर्यंत यायचे. आतला तो धडधडाट मला सहन व्हायचा नाही.

आणि मग गेल्या थंडीत शाळेत कान तपासायचं शिबिर भरलं. मुंबईहून आलेल्या डॉक्टरांना मी तुझं सांगितलं. मला वाटलं, नेहमीसारखं खिशात ठेवायचं यंत्र देतील. ते आपण एकदा घेतलं होतं. त्याची शिट्टी तुझ्याखेरीज सगळ्या गल्लीला ऐकू यायची. पण डॉक्टरांनी विचारलं, "ताप येण्याआधी नीट बोलायच्या? मग त्यांना घेऊन या. एक नवीन शस्त्रक्रिया आहे."

मग मी तुला मुंबईला त्यांच्या दवाखान्यात नेलं, तिथे त्यांनी कागदावर चित्र काढलं. कानाच्या आत खोल गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. तापाने त्याच्यातली बारीक लव मरून गेली आहे, पण मागची नस कदाचित जिवंत असेल. कानामागचं हाड कोरून त्या शंखात एक तार सरकवायची. बाहेर खिशात डबी, ती आवाज पकडणार, त्याची वीज करणार आणि तार ती थेट नसेला देणार. पूर्वी एकच तार असायची, म्हणाले, त्यातून आवाज आहे की नाही एवढंच कळायचं. आता बाहेरदेशी एकाच तारेवर अनेक टोकं बसवायला लागलेत. जाड आवाज एका टोकाला, बारीक दुसऱ्या टोकाला. काही माणसं फोनवर बोलायला लागली आहेत. सगळ्यांनाच जमतं असं नाही. सुरुवातीला नुसती खडखड ऐकू येते, बोलणं उमगायला महिने लागतात, कधी उमगतच नाही. त्यांच्याकडे दोन-तीनच यंत्रं येणार होती. ते डॉक्टर उगाच आशा लावणारे नव्हते, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

तू चित्र बघून खदखदून हसलीस. "म्हंजी माझ्या डोक्यात गोगलगाय हाय व्हय!" मग गाडीसाठी उभ्या असताना मी तुला विचारलं, ऐकू आलं तर पहिल्यांदा काय ऐकशील? तू म्हणालीस, गिरणी. मला हसू आलं. गिरणी ऐकायला कोण जीव टाकतं! मग म्हणालीस, "आन तू. तुजा आवाज माझ्याकडं पंधरा वर्सांच्या पोरीचाच हाय, आक्का. आता कसा झालाय कोन जाणे."

कावळ्यासारखा झालाय, मी म्हटलं. पण माझे ओठ नीट हलले नाहीत, तुला ते वाचता आलं नाही. तू मान हलवलीस.

एक्स-रे चांगला निघाला. शंख मोकळा आहे, तार जाईल, असं कळलं. आता एकच तपासणी उरली होती, नस जिवंत आहे की नाही याची. कानाच्या पडद्यातून केसाएवढी सुई आत घालायची, आतल्या हाडावर टेकवायची आणि अगदी हलकी वीज सोडायची. ऐकू आलं की तू बोट वर करायचं. नाही आलं तर काही करायचं नाही. मी हे तुला चारदा समजावलं. चारही वेळा तू हो म्हणालीस.

मी काचेच्या पलीकडे उभी होते. तू खुर्चीत, मान एका बाजूला, दुखत असणार पण चेहरा शांत. डॉक्टरांनी वीज सोडली, तू बोट वर केलंस. पुन्हा सोडली, पुन्हा बोट. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग मी बघितलं की डॉक्टरांचा हात बटणावर नाही आणि तरी तू बोट वर केलं आहेस. त्यांनी सहायकाकडे पाहिलं. काही वेळ मुद्दाम काहीच केलं नाही. तू वाट बघितलीस, काचेतून माझ्या चेहऱ्याकडे बघितलंस आणि हसून बोट वर केलंस. हसून, मान किंचित तिरपी करून. मी माझी विद्यार्थिनी ओळखली.

डॉक्टर बाहेर आले. "बाई, त्या सगळ्यालाच हो म्हणतात. वीज नसतानाही. नस जिवंत असेलही, पण मला कळणार कसं? कळल्याशिवाय हाड कोरणं बरोबर नाही." मग माझं तोंड बघून म्हणाले, "दिवाळीनंतर पुन्हा बघू. तोवर त्यांना नाही म्हणायला शिकवा."

बाहेर बाकावर आपण डबा उघडला. मी खाल्लं नाही. तू भाकरीचा तुकडा मोडलास आणि म्हणालीस, "आक्का, त्यातलं एक खरं व्हतं."

"कुठलं?"

"ते कसं सांगू? समद्यालाच बोट वर केलं ना. पन एक आलं. चाळणीतून कणी पडती तसं. लांब, बारीक."

आणि मी काय केलं, शेवंते? तीस वर्षांनी तुझ्या कानात काहीतरी आलं होतं, तू ते मला आणून देत होतीस, आणि मी तोंड मोठं करून, एकेक शब्द तुला स्वच्छ वाचता येईल असं म्हणाले, "तुझ्या 'हो'ला आता काय किंमत? कोणी विश्वास ठेवायचं नाही."

तू मान हलवली नाहीस. डब्याचं झाकण लावलंस. कर्जत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतीस.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, की हे मी शिकवलंय. हा दोष तुझा नाही, माझा आहे. तीन शब्दांचं काम होतं. मी सांगितलं नाही. तुझ्या मूर्खपणाने संधी गेली असं मी तुला वाटू दिलं आणि चार महिने गप्प बसले. घरात गप्प बसणं मला किती सोपं होतं, बघ.

त्याऐवजी मी शिकवणी काढली. चूक झाली की आम्ही मास्तर लोक धडा काढतो, चूक कबूल करत नाही. तुझ्या बोटाला शिवणाचा दोरा बांधला, तो दाराखालून स्वयंपाकघरात नेला. मी ओढला की तू ओरडायचं, आला. नाही ओढला तर नाही. पहिले काही दिवस तू सारखी ओरडायचीस, "आला! आला!" मी दोऱ्याला हातही लावलेला नसायचा. मी चिडून बाहेर आले आणि विचारलं, येत नसताना का म्हणतेस? तू म्हणालीस, "नाय म्हटलं की समोरच्याचं तोंड पडतं गं. हो म्हटलं की त्याचं काम झालं, माझंबी झालं."

पण तू शिकलीस. आषाढात एका रविवारी एकही चूक झाली नाही. मी दोरा हातात धरून गप्प बसून राहिले आणि बाहेरून तुझा आवाज आला, "नाय! नाय आला!" असा दणदणीत की काकू दारात आल्या. मग तुला त्या शब्दाची गोडीच लागली. भाजी आणतेस का? नाय! अंथरूण घालतेस का? नाय! आपण दोघी हसून हसून बेजार झालो. सगळ्या आयुष्यातले ते आठ-दहा दिवस मला परत मिळाले तर बाकी काही नको. मला वाटलं, निस्तरलं सगळं. दिवाळीनंतर जाऊ, तू बरोबर सांगशील, तार बसेल, आणि मग मला काही कबूल करायची गरजच उरणार नाही.

श्रावण संपता संपता तुझे डोळे पिवळे झाले. कर्जतमध्ये तेव्हा घरटी एक कावीळ होती. माणसं बरी होत होती. तू झाली नाहीस. याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला गिरणीतल्या बायका आल्या होत्या. वंदना झाली, सगळे उठले, त्या मात्र बसून राहिल्या. त्यांतली थोराड सखूबाई मला म्हणाली, "बाय, तुमची भैन लय खमकी. मुकादमाला तोंडावर नाय म्हणायची. ओला भात आला की ठाण मांडून बसायची, नाय घेत म्हणून." दुसरी म्हणाली, गिरणी सुरू झाली की तिथे सगळेच बहिरे, मग शेवंताच आमची मास्तरीण. ओठांवरचं बोलणं आमी तिच्याकडनं शिकलो. न समजता कोणी मान हलवली तर चिडायची. काय म्हणायचीस तू त्यांना? सखूबाईने तुझ्यासारखं बोट नाचवून दाखवलं. "कळलं नाय तर इचार! उगा नंदीबैलावानी मान हलवू नको!"

त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

म्हणजे नाही म्हणायला मी तुला दोऱ्याने शिकवलं नव्हतं. ते तुला केव्हाचं येत होतं, वीस वर्षं येत होतं. तू मला फक्त शिकवू दिलंस, कारण मला बरं वाटत होतं. गिरणीत तुझं 'नाही' होतं. 'हो' तेवढं माझ्यासाठी होतं. काचेपलीकडे मी उभी नसते, तर तू त्या खुर्चीत एकदाच बोट वर केलं असतंस. खऱ्या वेळी. आज तुझ्या कानामागे तार असती. कावीळ झालीच असती कदाचित, पण तू काहीतरी ऐकून गेली असतीस. मी रडताना तरी ऐकलं असतंस.

आता ते एकच सांगायचं राहिलंय. ज्याच्यासाठी लिहायला बसले.

शेवटच्या दिवशी दुपारी दवाखान्यात मी तुला सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्याशी मोठ्याने बोलले. वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या, बघू देत म्हटलं. सांगितलं की हो म्हणायचा धडा माझा होता. सांगितलं की बाकावर मी जे बोलले ते माझ्या भीतीने बोलले, आणि चाळणीतून कणी पडल्यासारखं जे आलं ते खरंच आलं होतं, माझा विश्वास आहे. मग विचारलं, "शेवंते, मला माफ करशील का गं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. हसलीस. आणि मान हलवलीस.

मला इतकं हलकं वाटलं की तुझ्या पायांवर डोकं टेकून मी किती वेळ रडत होते कोण जाणे. मग डोळे पुसायला पदर शोधायला गेले. तो माझ्या तोंडावरच होता. पहिल्याच शब्दाला रडू फुटलं तेव्हा मी तो वर ओढून तोंडाशी धरला होता, आणि सगळं त्याच्या आडून बोलले होते. मी तो घाईघाईने काढला, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं. तुझे डोळे मिटले होते. ते पुन्हा उघडले नाहीत.

तू माझे ओठ पाहिले नव्हतेस, शेवंते. मी पदर सावरलेला तेवढा पाहिला होतास.